टोकियोची मैत्रीण साताऱ्याला येतेय, तिनं मला झू दाखवलं, मी तिला काय दाखवू?

वेण्णाकाठची (९ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीत घर. मिस्टरांच्या कामामुळे २०२२ ते २०२५ टोकियोत होतो, निशिकासाईला. तिथे आपली माणसं भरपूर, तूरडाळ मिळते, गणपती बसतो, हळदीकुंकू होतं, आणि त्यामुळेच झालं काय की वर्ष उलटून गेलं तरी माझी एकही जपानी ओळख नव्हती. बोलायचं कुणाशी? मिस्टर सकाळी सातला जाणार ते रात्री नऊला येणार. मी भिंतीला कान लावून शेजारच्यांचा टीव्ही ऐकायचे, भाषा कानावर पडावी म्हणून.

बिल्डिंगच्या खाली एक छोटी बेकरी होती. तिथे पन्नाशी ओलांडलेली एक बाई कामाला. (नाव इथे लिहीत नाही, आपण तिला बेकरीताई म्हणू.) मी रोज जाऊन एकच ब्रेड घ्यायची कारण तेवढ्याच ब्रेडचं नाव मला नीट म्हणता यायचं. एक दिवस ताईंनी काउंटरवर एक पत्रक ठेवलं, त्यावर हत्तीचं चित्र. बोट ठेवून हळू विचारलं, "झो-सान, सुकी?" म्हणजे हत्ती आवडतो का. मी मान हलवली. मंगळवारी बेकरी बंद असते, मंगळवारी जाऊ, असं खुणेनं आणि कॅलेंडरवर बोट ठेवून ठरलं. ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट.

उएनोचं प्राणिसंग्रहालय म्हणजे जपानमधलं सगळ्यात जुनं, १८८२ सालचं. तिकीट ६०० येन. तोझाई लाइननं निहोम्बाशी, तिथून गिन्झा लाइननं उएनो. प्रवासभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो, मला आतून इतकं टेन्शन आलेलं की आता दिवसभर बोलायचं काय.

आणि बोलायला काही लागलंच नाही हो. माकड उडी मारतंय, आपण हसतो, ती हसते. वाघ काचेजवळ आला की दोघी एकदम मागे सरकतो. मग ती जपानीत नाव सांगणार, मी मराठीत. तोरा, वाघ. साई, गेंडा. काबा, पाणघोडा. "पाणघोडा" तिला इतकं आवडलं की ती रस्ताभर म्हणत होती, "पानगोदा, पानगोदा".

दुपारी शूबिल नावाच्या पक्ष्यापाशी गेलो. बुटासारखी चोच, करड्या रंगाचा, उभा राहिला तर साडेतीन-चार फूट. हा पक्षी हलतच नाही. वीस मिनिटं आम्ही कठड्यावर कोपर टेकून उभ्या होतो, शेजारी शाळेची पोरं पिवळ्या टोप्या घालून कंटाळून निघून गेली, आणि आम्ही दोघी मात्र तशाच. शेवटी त्यानं एक डोळा मिटला आणि उघडला. बेकरीताईंनी माझा दंड घट्ट धरला आणि श्वास रोखून म्हणाल्या, "मिता?" बघितलंस? त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी आहोत.

आता प्रश्न. या डिसेंबरअखेर त्या पाच दिवस साताऱ्याला येतायत. प्राणी बघायला त्यांना मनापासून आवडतं, आणि आपल्याकडे तर असं झू नाही. कास बघायचं तर फुलांचा हंगाम गेला. मी त्यांना कुठे नेऊ? पाचगणी-महाबळेश्वर सोडून सांगा, ते होईलच.

अजिंक्यतारा_७ (९ नोव्हेंबर)

ताई कसलं भारी लिहिलंय. कात्रजचं झू आहे की, पुण्याला उतरवून घेणार असाल तर तिथूनच येता येता करा.

माणदेशी (९ नोव्हेंबर)

मायणीला न्या. तलावावर हिवाळ्यात लांबचे पक्षी उतरतात, पाणी किती आहे त्यावर असतं पण पहाटे गेलात तर काही ना काही दिसतंच. जपानी माणसं पक्षी बघण्यात पटाईत असतात. येताना सांगा, हुरडा आमच्याकडं. शाळू यंदा झकास आहे.

मिरजकर (१० नोव्हेंबर)

वेण्णाकाठची ताई, उएनोचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. तुम्हाला तिथे इंदिरेबद्दल कुणी सांगितलं का?

माझे वडील शिक्षक होते, ते वर्गात सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली टोकियोच्या प्रशासनानं हुकूम काढला की बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरं शहरात सुटतील, म्हणून धोक्याची जनावरं मारून टाका. वाघ, सिंह, अस्वलं गेली. तीन हत्ती होते. त्यांना विष घातलेले बटाटे दिले तर ते खाईनात. मग त्यांचं अन्नपाणी तोडलं. माणूस दिसला की ते बिचारे खाऊ मिळेल म्हणून शिकवलेले खेळ करून दाखवायचे, असं सांगतात. तिन्ही उपाशी मेले.

युद्ध संपलं, पोरांना हत्ती बघायचा होता आणि टोकियोत हत्तीच नव्हता. तिथल्या मुलांनी पत्रं लिहिली, ती आपल्या पंडित नेहरूंपर्यंत आली, आणि १९४९ साली नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीनं पाठवली. तिला नाव दिलं स्वतःच्या लेकीचं, इंदिरा. पुढे ती रेल्वेनं जपानभर फिरली, गावोगावच्या मुलांना बघायला मिळावी म्हणून. १९८३ पर्यंत जगली. आपला देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेली, घरात खायची पंचाईत, आणि तरी परक्या पोरांसाठी हत्ती पाठवला. वडील हे सांगताना दर वेळी थांबायचे, फळ्याकडे तोंड करायचे.

वेण्णाकाठची (१० नोव्हेंबर)

मिरजकर काका, अंगावर काटा आला. हो, मला बेकरीताईंनीच सांगितलं. त्यांच्या आईनं लहानपणी इंदिरेला बघितलं होतं. म्हणजे आता कळलं का, त्यांनी पत्रक दाखवताना पहिल्यांदा हत्तीच का विचारला ते! मी भारतातली म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं सहज विचारलं.

हत्तींची एक गोष्ट लिहायची राहिलीच. तिथे एक पिल्लू होतं, तीन वर्षांचं होत आलेलं. पाटीवर नाव कटाकाना लिपीत, मी अक्षरं जुळवत वाचलं, आ, रु, न. मी ओरडलेच, "अगं हा अरुण!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. नंतर घरी आल्यावर मिस्टरांनी शोधून काढलं. हे हत्ती थायलंडनं दिलेले, नावं थाई. अरुण म्हणजे थाईतसुद्धा पहाटच. आईचं नाव उथाई, ते आपलं उदय. वडिलांचं नाव आर्थित, ते आपलं आदित्य, सूर्य. आदित्य ऑगस्ट २०२० मध्ये गेला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी अरुण जन्मला. उएनोत इतक्या वर्षांत जन्मलेलं हे पहिलंच हत्तीचं पिल्लू.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत जाऊन हे सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं. डोंगर काढला, मागून सूर्य, सूर्याच्या आधीचा लाल रंग. ताईंनी तो कागद काउंटरमागे चिकटवला, आम्ही घर सोडलं तोपर्यंत तिथेच होता.

हळदीचं_पेव (१० नोव्हेंबर)

उदय, आदित्य, अरुण. आमच्या सांगलीत एका गल्लीत तिघं भाऊ सापडतील या नावाचे.

औदुंबर_घाट (१० नोव्हेंबर)

ताई ६०० येन नको न काय नको, भिलवडीला या. मगर दाखवतो. कृष्णेत हाय त्या, हिवाळ्यात सकाळी ऊन पडलं की मळीवर येऊन आ वासून पडत्यात. औदुंबरला दत्ताचं दर्शन बी हुतंय, नावेतनं पलीकडं भुवनेश्वरी बी हुतीया. लांबनं बगायचं पण, जवळ जायाचं न्हाई.

शूबिल (१० नोव्हेंबर)

या धाग्यामुळे नाव बदललं बघा, आधी मी "चिंतामणी" होतो. :)

चारभिंती (११ नोव्हेंबर)

सगळे छान छान लिहितायत म्हणून थोडं वेगळं लिहिते, राग मानू नये.

मला झू बघवत नाही. आमची चौथीची सहल पुण्याला पेशवे पार्कला गेली होती. फुलराणीत बसलो, मजा आली, आणि मग वाघाचा पिंजरा. तो वाघ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत होता. वळण्याची जागा तीच, पाऊल पडायची फरशी तीच, तेवढी फरशी झिजून गुळगुळीत झालेली. मी गुरुजींना विचारलं हा कुठे चाललाय. गुरुजी म्हणाले, कुठेच नाही. पुढे १९९९ मध्ये ते प्राणी कात्रजला मोठ्या जागेत नेले, बरं झालं, पण ती फरशी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मैत्री झाली ते उत्तमच. पण ती कैदेतल्या जीवाच्या साक्षीनं झाली हेसुद्धा खरं. मैत्रीण आली की तिला सागरेश्वरला न्या, मोकळी हरणं दाखवा.

शाळूची_भाकरी (११ नोव्हेंबर)

चारभिंती +१. आणि सागरेश्वरची गोष्टसुद्धा सांगा तिला. उघडाबोडका डोंगर होता तो. मोहित्यांचे वडगावच्या वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी झाडं लावायला माणसं जमवली, नंतर हरणं आणून सोडली, १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर. माणसानं हातानं उभं केलेलं जंगल आहे. सांबर, चितळ, काळवीट. माझे आजोबा खड्डे खणायला जायचे, घरी अजून त्यांची पहार आहे.

टेम्सकाठी_तासगावकर (११ नोव्हेंबर)

चारभिंती, तुमचं पटतं पण पूर्ण नाही. लंडन झूमध्ये २०१६ पासून गीरच्या सिंहांचा विभाग आहे. सासण गीरचं रेल्वे स्टेशन जसंच्या तसं उभारलंय. मी इथे येऊन तीन महिने झाले होते, जानेवारी, चार वाजता अंधार पडायचा. ऑफिसात एक पोलिश मुलगा नवीनच लागला होता, त्यालाही कुणी नव्हतं, म्हणाला चल. आत शिरलो आणि समोर आपल्याकडच्यासारखी स्टेशनची पाटी बघून माझा घसा दाटून आला. तो काही बोलला नाही. गरम चहा आणून हातात दिला. त्याच्या लग्नाला आम्ही सगळे क्राकूवला जाऊन आलो.

आणि मुद्दा असा की जगात आशियाई सिंह रानात फक्त गुजरातेत उरलेत. एखादा रोग आला तर? थोडे बाहेर सांभाळून ठेवणं गरजेचंच आहे. पेशवे पार्कचा पिंजरा वेगळा आणि हे वेगळं.

चारभिंती (११ नोव्हेंबर)

सांभाळून ठेवायला माझी ना नाही. बघायला ठेवायला आहे.

जयसिंगपूरकर (१२ नोव्हेंबर)

हत्ती आणि कैद हा विषय निघालाच आहे तर लिहितो. जुलैत नांदणी मठाची माधुरी हत्तीण गुजरातला नेली तेव्हा मी रस्त्यावर होतो. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ ती आमच्यात होती. पोरगं जन्मलं की तिच्या सोंडेखालून न्यायचं, लग्नात तिचा आशीर्वाद. तिला गाडीत चढवताना बायका पदर तोंडात धरून रडत होत्या, माझी आई दोन दिवस जेवली नाही. कुणी आम्हाला प्राण्यांवर प्रेम कसं करायचं ते शिकवू नये.

चारभिंती (१२ नोव्हेंबर)

दादा, तुमच्या आईचं रडणं खोटं असं मी कधीच म्हणणार नाही. पण हत्ती कळपात राहणारं जनावर आहे. तीस वर्षं तिला दुसऱ्या हत्तीचा सहवास किती मिळाला? आपलं प्रेम खरं आणि तिचं एकटेपण पण खरं, दोन्ही एकदम असू शकतं ना?

जयसिंगपूरकर (१२ नोव्हेंबर)

असू शकतं. पण तिला तरी विचारलं का कुणी.

मिरजकर (१२ नोव्हेंबर)

दोघांनाही नमस्कार. हा विषय आमच्याकडे घराघरात दोन बाजूंनी बोलला गेलाय, माझ्या घरात सून एकीकडे आणि मी दुसरीकडे. वेण्णाकाठचीचा प्रश्न बाजूला पडू नये एवढंच.

पोटोमॅकची_सून (१२ नोव्हेंबर)

माहेर कवठेमहांकाळ, आता अमेरिकेत. एकटेपणावरून आठवलं. वॉशिंग्टनच्या सरकारी झूमध्ये अंबिका नावाची हत्तीण होती, कुर्गच्या जंगलातली, १९६१ साली भारतातल्या मुलांकडून अमेरिकेतल्या मुलांना भेट म्हणून गेलेली. मी नवीन आले तेव्हा क्लासमधल्या एका इथिओपियन मैत्रिणीबरोबर गेले होते. पाटीवर "अंबिका" वाचलं आणि माझं मन भरून आलं, मी तिथे उभी राहून तिच्याशी कानडी-मराठी मिसळून बोलले. मैत्रिणीनं विचारलं, तुझी नातेवाईक का? मी हो म्हटलं. २०२० च्या मार्चमध्ये अंबिका गेली, सत्तरीची होती. त्या दिवशी पहिला फोन त्या मैत्रिणीचा आला. "तुझी नातेवाईक गेली गं." माझ्या सासरच्यांना कळेना मी कुणासाठी रडतेय.

हळदीचं_पेव (१२ नोव्हेंबर)

नेहरूंनी आणि पोरांनी मिळून किती हत्ती पाठवले असतील हो जगभर. प्रत्येक झूत आपली एक आत्या बसलेली.

कराडची_पोर (१३ नोव्हेंबर)

सिंगापूरला होते मी दोन वर्षं. तिथलं झू १९७३ चं, पिंजरे कमी आणि पाण्याचे चर, झाडं जास्त. रात्रीची सफारी १९९४ पासून. मी आणि रूममेट (मलेशियन तमिळ) रात्री गेलो, अंधारात ट्राम चाललीये, बोलायचं नाही असा नियम, आणि अचानक शेजारून काहीतरी मोठं चालत गेलं. दोघींनी एकमेकींचा हात धरला तो गाडी थांबेपर्यंत सोडला नाही. तोपर्यंत आमच्यात फ्रिजमधल्या जागेवरून भांडणं चालू होती!

बाकी ताई, मला एक सांगा, जपानी माणसं घरी बोलवत नाहीत, जवळ येत नाहीत असं ऐकलंय. खरं का?

वेण्णाकाठची (१३ नोव्हेंबर)

कराडची_पोर, पहिल्या वर्षी मी पण हेच म्हणायचे. आता वाटतं त्यांचं जवळ येणं वेगळ्या वाटेनं येतं. घरी नाही बोलावलं, पण झूत डबा आणला होता दोघींपुरता. मी मांस-मासे खात नाही हे मी कधी सांगितलेलं नव्हतं. मी ब्रेड घेताना रोज पाकिटावरचं वाचायचे, चरबी आहे का ते बघायला, ते त्यांनी वर्षभर बघितलेलं. म्हणून ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यात, आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेला, आणि प्रत्येकीवर छोटी चिठ्ठी, "सकाना नाही". सकाना म्हणजे मासा. "नाही" हा शब्द त्यांनी कुणाकडून तरी शोधून देवनागरीत काढला होता, ना ला काना उलट्या बाजूला.

मी पण डब्यात शेंगदाण्याची पोळी नेली होती. त्यांनी अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात बांधून घेतली. नवऱ्यासाठी का विचारलं तर म्हणाल्या, आईसाठी.

आणि चारभिंती, तुमच्या लिहिण्याचा मला जराही राग नाही. उलट एक सांगायचं राहिलेलं तुमच्यामुळे आठवलं. आधी मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण मलाच ते नीट कळलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ताई मला हत्तींच्या बाजूला एका दगडी स्मारकापाशी घेऊन गेल्या. तिथे वाऱ्यावर कागदी करकोच्यांच्या माळा हलत होत्या, रंग उडालेल्या. ते तिथे मेलेल्या प्राण्यांचं स्मारक. दर वर्षी सप्टेंबरात तिथे त्यांची आठवण करतात. युद्धात मारलेले हत्ती त्यातच. ताईंनी टोपी काढली, पर्स खाली ठेवली, हात जोडले. मी शेजारी उभी, मला कळेना मी काय करावं, मग मी पण जोडले. बराच वेळ झाल्यावर त्या म्हणाल्या, "गोमेन ने." माफ करा. मला वाटलं मला म्हणतायत, थांबायला लावलं म्हणून. मग लक्षात आलं की हत्तींना म्हणतायत.

त्यांना प्राणी आवडतात म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. म्हणून मला त्यांना इथे नुसतं काहीतरी दाखवून आणायचं नाहीये.

चारभिंती (१३ नोव्हेंबर)

वाचलं. काही बोलायला उरलं नाही. ताईंना माझा नमस्कार सांगा.

माणदेशी (१३ नोव्हेंबर)

पांडा बघितला का न्हाई ते सांगा की. पोरगी विचारतीय शेजारून.

वेण्णाकाठची (१४ नोव्हेंबर)

बघितला बघितला. १९७२ पासून उएनोला पांडा म्हणजे सणच असायचा. रांग एवढी मोठी की सत्तर मिनिटं उभ्या होतो, आणि पांडा पाठ करून बांबू खात बसलेला. पोरीला सांगा, पाठ सुद्धा खूप गोड असते. पूर्वी झूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला मोनोरेल होती, जपानची पहिली, १९५७ ची. मी गेले तेव्हा बंद पडलेली होती, पूल चालून जायला लागलं. ताई लहानपणी त्यात बसलेल्या, पुलावरून खाली रूळ बघत थोडा वेळ थांबल्या होत्या.

आबा_कोरेगावकर (१५ नोव्हेंबर)

पोरी, मी हा धागा आज सकाळी वाचायला घेतला, उशिरा लिहितोय. सगळे लांब लांब सांगताहेत आणि तुझ्या घरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे ते कुणीच सांगेना, म्हणून लिहितो. तुझ्या मैत्रिणीला संगम माहुलीला ने.

कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, विश्वेश्वराचं देऊळ हे तुला माहीत आहेच. पण तिथे खंड्याची समाधी आहे ती दाखव. खंड्या म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत महाराजांवर वाघ येत होता, त्यानं भुंकून सावध केलं, जीव वाचवला, असं सांगतात. महाराजांनी त्याला दरबारात मान दिला, अंगावर कपडे, बसायला पालखी. मेला तेव्हा घाटावर समाधी बांधली आणि वर दगडाचा कुत्रा बसवला. राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या जिथे, तिथेच कुत्र्याची. माझ्या लहानपणी आम्ही पोहायला गेलो की ओल्या हातानं त्याच्या डोक्यावर पाणी घालायचो, उन्हात तापतो म्हणून.

जपानात तो हाचिको आहे ना, मेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट बघणारा, त्याचा पुतळा १९३४ साली बसवला. आमच्या खंड्याची समाधी त्याच्या कितीतरी आधीची. दोघांची ओळख करून दे.

अजिंक्यतारा_७ (१५ नोव्हेंबर)

आबा!!! चार वेळा माहुलीला जाऊन आलोय, त्याच्याजवळ बसून वडापाव खाल्लाय, आणि मला वाटायचं सिंह आहे झिजलेला.

टेम्सकाठी_तासगावकर (१५ नोव्हेंबर)

हाचिकोचं अजून एक. त्याचा मालक प्राध्यापक, त्याचं आडनावच उएनो. १९२५ ला ते गेले, हाचिको १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. आणि त्याची कातडी भरून ठेवलीय ती उएनो पार्कमधल्याच विज्ञान संग्रहालयात. म्हणजे तुम्ही झूला गेलात तेव्हा तो चालत अंतरावर होता, ताई.

वेण्णाकाठची (१५ नोव्हेंबर)

आबा, मी साताऱ्यात जन्मले, वाढले, आजीच्या अस्थी माहुलीला सोडल्या, आणि खंड्याचं मला माहीत नव्हतं. ठरलं. पहिल्या दिवशी तिथेच.

आणि औदुंबर_घाट दादा, मगर पण नक्की. ताईंना विचारलं व्हिडिओवर, "वानी" म्हणजे मगर, पिंजऱ्याशिवाय, नदीत. त्यांनी तीन वेळा विचारलं, "पिंजऱ्याशिवाय?"

वेण्णाकाठची (३० डिसेंबर)

धागा वर काढतेय. काल माहुलीला जाऊन आलो.

आदल्या दिवशीच आल्या, थकलेल्या होत्या, तरी सकाळी सहाला तयार. घाटावर धुकं होतं. मी काही सांगायच्या आधीच त्या दगडी कुत्र्यापाशी थांबल्या. मी मोडक्या जपानीत सांगितलं, वाघ, राजा, भुंकला, पालखी. पालखी हा शब्द येईना तर दोन्ही हात खांद्यावर घेऊन चालून दाखवलं. त्यांनी टोपी काढली, पर्स खाली ठेवली, हात जोडले. या वेळी मला माहीत होतं काय करायचं ते.

मग त्यांनी विचारलं, हा काय खायचा? मला कुठे माहीत. घाटावर फुलं विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या, त्यांना विचारलं. आजी म्हणाल्या, "काय खाणार, भाकरीच की. राजाचा असला म्हणून काय, कुत्रंच त्ये." मी भाषांतर केलं. ताई हसून हसून पायरीवर बसल्या. मग पर्समधून त्यांच्या बेकरीचं ब्रेडचं पाकीट काढलं (तेच, मी रोज घ्यायचे ते!), एक तुकडा समाधीजवळ ठेवला. दोन मिनिटांत घाटावरचं एक तपकिरी कुत्रं आलं आणि तो उचलून गेलं. आजी म्हणाल्या, "पावला बगा."

आबा, ओल्या हातानं डोक्यावर पाणी घातलं. धुक्यात तापला नव्हता, तरी घातलं.

आबा_कोरेगावकर (३० डिसेंबर)

बरं केलंस पोरी. माझ्याही वतीनं झालं ते.

जयसिंगपूरकर (३० डिसेंबर)

ताई, इकडे आलात की आमच्याकडे जेवायला या. आईला तुमच्या मैत्रिणीला भेटायचंय. त्या उपाशी ठेवलेल्या हत्तींचं मी तिला वाचून दाखवलं, तेव्हापासून रोज विचारतेय आल्या का म्हणून.

वेण्णाकाठची (३० डिसेंबर)

नक्की येतो दादा. मी ताईंना तुमच्या आईबद्दल सांगितलंय. त्या विचारतायत, माधुरीला काय आवडायचं खायला?

जयसिंगपूरकर (३० डिसेंबर)

आईला विचारून सांगतो. तीच सांगेल समोर.

औदुंबर_घाट (३१ डिसेंबर)

नावाडी सांगून ठिवलाय. उद्या साताऱ्यातनं पहाटं निघा, नवाच्या आत भिलवडीत पायजे, ऊन वर आलं की मळीवर गर्दी हुती माणसांची आन मगर पाण्यात जाती. स्वेटर घाला, नदीवर गारठा लै हाय. ताईस्नी म्हणावं टोपी घट्ट धरा, नावंत वारं असतंय.